आईचं मनगट, मुलीची वाढ : लहानपणीचं खाणं मोठेपणी हाडांत किती उरतं?

उंबरठा

मागच्या महिन्यात आई घरातल्या घरात पडली. वय ६३. खुर्चीवरून उठताना पायात पाय अडकला, तोल गेला आणि तिने हात टेकला. एवढ्यावर मनगटाचं हाड मोडलं. अस्थितज्ज्ञांनी प्लास्टर घातल्यावर पाठीचा एक्स-रे आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला सांगितली. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.९ आला, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झालेला दिसला. तो कधी दबला हे कुणालाच माहीत नाही. आई दोन वर्षं "पाठ भरून येते" म्हणत होती आणि आम्ही शेक देत होतो.

डॉक्टरांनी पाळी कधी थांबली, स्टेरॉइड कधी घेतली होती का, हे विचारलं. मग विचारलं, "लहानपणी खाण्यापिण्याची आबाळ झाली होती का?" आई जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "दूध धाकट्यांना असायचं. मी मोठी." पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट तिने एका वाक्यात संपवली, मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

माझी मुलगी साडेअकरा वर्षांची आहे. सहा महिन्यांत एवढी उंच झाली की सगळ्या पँटी घोट्याच्या वर आल्यात. याच काळात तिने दूध पूर्ण सोडलं, सकाळचं खाणं टाळते, शाळेतून डबा अर्धा परत येतो. आतापर्यंत मी "वयच तसं आहे" म्हणून सोडून देत होते.

लहानपणीच्या खाण्याचा साठीतल्या हाडांशी खरंच इतका संबंध असतो का? आणि मुलीच्या बाबतीत मला उशीर झालाय का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

पायवाट

उंबरठाताई, आईंना लवकर बरं वाटो. मी मुलांच्या आहारावर काम करते, म्हणून जरा मोठा प्रतिसाद देते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. उशीर अजिबात झालेला नाही, उलट तुम्ही नेमक्या वेळी विचारताय.

हाड म्हणजे खडू नव्हे. ते जिवंत असतं, रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नव्याने भरतं. वाढीच्या वयात भर जास्त, झीज कमी. विशी उलटेपर्यंत साठा जवळजवळ शिगेला पोचतो. याला पीक बोन मास म्हणतात, हाडांचा कमाल साठा म्हणा. पुढे काही वर्षं तो टिकतो आणि मग ओसरायला लागतो. बायकांमध्ये पाळी थांबल्यावरची पहिली पाचसात वर्षं ही ओहोटी फार जोरात असते. त्यामुळे साठीत हाड किती मजबूत राहील हे दोन गोष्टींवर ठरतं : मुळात किती साठलं होतं आणि त्यातलं किती गेलं.

साठण्याचा वेग सगळ्या बालपणात सारखा नसतो, आणि तुमच्यासाठी हीच गोष्ट महत्त्वाची आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठाने १९९१ पासून शाळकरी मुलामुलींची वर्षानुवर्षं डेक्सा करून हा वेग मोजला. मुलींमध्ये साधारण साडेबाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास तो कळसाला पोचतो. त्या कळसाच्या आगेमागे मिळून दोन वर्षांत प्रौढ वयातल्या एकूण खनिजाचा सुमारे पाव हिस्सा हाडांत जमा होतो. फक्त दोन वर्षांत पाव हिस्सा!

आणखी एक बाब. उंची आधी वाढते, खनिज मागाहून भरतं. दोन्हींत सहाआठ महिन्यांचं अंतर पडतं. म्हणजे हाड लांब झालेलं असतं पण आतून अजून पुरतं भरलेलं नसतं. या वयात मुलं पडली की हाताचं हाड मोडण्याचं प्रमाण जास्त दिसतं, त्याचं हे एक कारण. पँटी आखूड झाल्यात म्हणताय ना, त्याचा अर्थ खनिज भरायची वेळ आता येतेय.

सगळं खाण्यावर नसतं हेही लक्षात घ्या. कमाल साठ्यातल्या माणसामाणसांतल्या फरकापैकी ६० ते ८० टक्के आनुवंशिक मानला जातो. उरलेला भाग आपल्या हातात असतो. तो छोटा वाटेल, पण संशोधकांच्या गणितानुसार कमाल साठा १० टक्क्यांनी जास्त असेल तर हाडं ठिसूळ होण्याची वेळ सुमारे १३ वर्षांनी पुढे जाऊ शकते. तुमच्या आईंच्या वयात १३ वर्षं मिळवून पाहा, म्हणजे त्याचं मोल कळेल.

काजवा

धाग्याबद्दल आभार. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, दूध अजिबात पीत नाही. मग सरळ कॅल्शियमची गोळी रोज सुरू केली तर प्रश्न मिटेल ना?

पायवाट

काजवादादा, गोळीबद्दल चांगल्या चाचण्या झाल्यात. २००६ मध्ये १९ चाचण्यांमधल्या २,८५९ मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. एरवी निरोगी असलेल्या मुलांना कॅल्शियम दिल्यावर हातांच्या हाडांची घनता सुमारे १.७ टक्के जास्त दिसली. खुब्यात आणि कंबरेच्या मणक्यांत काही फरक पडला नाही. एवढ्याशा वाढीने फ्रॅक्चर टळतील असं त्या अभ्यासकांना वाटलं नाही.

याचा अर्थ कॅल्शियम बिनकामाचं असा नाही. ज्याच्या पोटात आधीच पुरेसं जातंय त्याला वरून दिलेल्या गोळीने फार फरक पडत नाही, इतकाच. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये ९ ते १८ वयासाठी रोज १,३०० मिलीग्रॅम कॅल्शियम सुचवलं. मोठ्या माणसांपेक्षाही जास्त. वेगवेगळ्या देशांचे आकडे याहून कमीजास्त आहेत. २५० मिलिलिटर दुधात साधारण ३०० मिलीग्रॅम असतं. मुलाच्या आठवड्याभराच्या खाण्याची नोंद ठेवा, आकडा खूपच खाली असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गोळी त्यांनी सांगितली तर द्या.

आणि नुसतं कॅल्शियम पाहू नका. हाडाचा जवळजवळ अर्धा आकार प्रथिनांचा असतो, खनिज त्या जाळीवर बसतं. पोटभर जेवण आणि प्रथिनं नसतील तर कॅल्शियम बसायला जागाच नाही.

चौकट

पायवाटताई, प्रतिसाद उत्तम आहे, पण एका ठिकाणी थांबवतो. "लहानपणी दूध प्यायलं म्हणजे म्हातारपणी हाड मोडणार नाही" असं समीकरण वाचकांच्या मनात बसू नये. मी संशोधनाच्या आकडेवारीत काम करतो आणि या विषयातले पुरावे एकमेकांशी पटत नाहीत.

उदाहरण देतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या तीन हजारांवर स्त्रियांचा अभ्यास २००३ मध्ये आला. लहानपणी आठवड्यातून एकदाही धड दूध न पिणाऱ्यांच्या खुब्याची घनता कमी होती आणि पन्नाशीनंतर त्यांच्यात फ्रॅक्चरचं प्रमाण दुप्पट होतं. हे वाचून वाटतं, झालं, सिद्ध झालं. मग २०१४ मध्ये नव्वद हजारांहून जास्त स्त्रीपुरुषांचा अभ्यास आला. त्यात किशोरवयात जास्त दूध पिणाऱ्या बायकांना खुब्याच्या फ्रॅक्चरपासून काहीच संरक्षण दिसलं नाही. पुरुषांमध्ये तर रोजच्या प्रत्येक जादा पेल्यामागे धोका ९ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याचा काही भाग उंचीमुळे होता : दूध पिणारे उंच झाले आणि उंच माणूस पडला की खुब्यावर आघात मोठा.

दोन्हीकडे मूळ अडचण एकच. साठीच्या माणसाला "तेराव्या वर्षी किती पेले दूध प्यायचात?" असं विचारलं तर तो काय सांगणार? आठवण म्हणजे मोजमाप नव्हे.

गरोदरपणाबद्दलचे पुरावेही असेच एकमेकांशी पटत नाहीत. साउदॅम्प्टनला १९८ मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या शेवटी आईच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी असेल तर मूल नऊ वर्षांचं झाल्यावर त्याच्या हाडांतलं खनिज कमी आढळलं. २०१३ मध्ये ब्रिस्टल परिसरातल्या जवळजवळ चार हजार मायलेकरांच्या जोड्यांत तोच संबंध शोधला, तर सापडला नाही.

पायवाट

चौकट, तुमचं म्हणणं मान्य आहे आणि ते इथे आलं हे बरं झालं. दोन गोष्टींची भर घालते.

एक, आठवणीवर न विसंबणारेही अभ्यास आहेत. हेलसिंकीत १९२४ ते १९३३ या काळात जन्मलेल्या सात हजारांवर लोकांच्या जन्माच्या आणि शाळेतल्या उंची-वजनाच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. त्या उतारवयातल्या रुग्णालयाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. बालपणी ज्यांची वाढ रेंगाळली होती, त्यांच्यात खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण जास्त निघालं. ती नोंद कुण्या शिक्षकाने किंवा परिचारिकेने त्या मुलाला फळीसमोर उभं करून केलेली. सत्तर वर्षांनी तीच कागदावरची रेघ बोलली.

दोन, क्रोएशियातला १९७९ चा जुना अभ्यास मला अजून मोलाचा वाटतो. दोन ग्रामीण भाग घेतले, एकात दूधदुभतं भरपूर, दुसऱ्यात कॅल्शियम जेमतेम निम्मं. पहिल्या भागातल्या लोकांची हाडं जास्त भरीव होती आणि खुब्याची फ्रॅक्चरंही कमी होती. पण खरी गोम पुढे आहे : हा फरक तिशीतच दिसत होता, आणि त्यानंतर वयाप्रमाणे हाड झिजण्याचा वेग दोन्हीकडे जवळपास सारखा होता. म्हणजे जो काही फरक पडला तो वाढीच्या वयात पडला. दोन्ही भागांतलं बाकीचं खाणंही वेगळं होतं, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या कॅल्शियमला देता येत नाही, हे मान्य.

सावली

बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. उंबरठाताईंनी "डबा अर्धा परत येतो" लिहिलंय ते वाचून राहवलं नाही.

मी पंधरा वर्षांची असताना लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावायचे. वजन कमी झालं की वेळ सुधारेल असं आम्हाला सांगितलं जायचं. मी सकाळचं खाणं सोडलं, मग रात्रीचं निम्मं केलं. वेळ खरंच सुधारली, म्हणून मी आणखी कमी खाल्लं. पाळी बंद झाली ती अकरा महिने आली नाही. शिकवणाऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "सराव जोरात आहे, असं होतंच." घरी सांगितलं नाही, उलट सुटका झाल्यासारखं वाटलं.

चोविसाव्या वर्षी नडगीत दुखायला लागलं. पाय कुठे आपटला नव्हता, मुरगळला नव्हता. बोटाने दाबलं की एका ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत, कळ डोक्यात जायची. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक भेग, निघालं. डेक्सा केली तेव्हा माझ्या वयाच्या मानाने हाडांची घनता बरीच कमी होती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मागचा सगळा इतिहास विचारला आणि पहिल्यांदा कुणीतरी मला समजावलं की शरीराला खर्चापेक्षा कमी अन्न मिळालं की ते इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार करणं कमी करतं, पाळी थांबते आणि हाडांची भरही थांबते. जी वर्षं साठवायची होती त्याच वर्षांत मी हाडं उपाशी ठेवली. आज छत्तीस वर्षांची आहे, घनता थोडी सुधारली, पण वयाच्या सरासरीला पोचलेली नाही.

ताई, मुलीला दुधासाठी रागावू नका. पण ती कमी का खाते, हे शांतपणे विचारा. कुणी शरीरावरून बोललंय का ते विचारा. आणि पाळी सुरू झाल्यावर पुढे सलग तीनेक महिने चुकली तर "होईल आपोआप" म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.

पायवाट

सावली, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कॅल्शियमचे आकडे सांगताना आम्ही आहारवाले ही गोष्ट पुरेशी जोर देऊन सांगत नाही. या वयात हाडांना सर्वांत मोठा फटका बसतो तो पोटभर न जेवण्याने.

तुमच्या अनुभवावरून कुणी "खेळ नको" असा अर्थ काढू नये म्हणून लिहिते. खाणं माल पुरवतं, पण तो कुठे लावायचा हे हाडाला भारामुळे कळतं. टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या मुली-बायकांचे दोन्ही हात तपासणारा फिनलंडमधला १९९५ चा अभ्यास आहे. तेच शरीर, तेच जेवण, फरक फक्त रॅकेटचा. खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा भरीव निघालं. आणि पाळी सुरू होण्याच्या आधी किंवा त्या सुमाराला ज्यांनी खेळायला सुरुवात केली, त्यांच्यात हा फरक उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट होता. उड्या, दोरी, धावाधाव, चेंडूचे खेळ, ज्यात पाय जमिनीवर आपटतात ते सगळं हाडांना उपयोगी. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, हाडांना त्या मानाने कमी.

ओसरी

आमच्या घरात कुणालाच दूध पचत नाही. भरपूर पालक खाल्ला तर भागतं का?

पायवाट

पालकावर भिस्त ठेवू नका. त्यात कॅल्शियम दिसतं पुष्कळ, पण पालकातलंच ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. पालकातलं जेमतेम ५ टक्के शोषलं जातं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. पालकाचे इतर फायदे आहेतच, तो खा. कॅल्शियमसाठी कोबीवर्गातल्या हिरव्या पालेभाज्या, काट्यासकट खाता येणारे छोटे मासे, कॅल्शियम घालून तयार केलेलं सोया दूध आणि पचत असेल तर दही हे पर्याय जास्त भरवशाचे. दूध न पचणाऱ्या बऱ्याच जणांना दही चालतं. पोट कायम बिघडत असेल आणि मुलाची उंचीही अडली असेल, तर मात्र सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणं) नाही ना, हे तपासून घ्यायला हवं.

मृगजळ

मी सातव्या महिन्यात आहे. चौकट यांनी गरोदरपणाचा उल्लेख केला म्हणून विचारते, बाळाच्या हाडांसाठी आत्ता काय करावं?

पायवाट

मृगजळ, अभिनंदन! जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जमा होतं. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या हाडांवर डॉक्टर बारीक लक्ष ठेवतात ते म्हणूनच. या काळात तुमचं आतडं एरवीपेक्षा बरंच जास्त कॅल्शियम शोषून घेतं. अंगावर पाजताना आईच्या हाडांतून काही टक्के खनिज जातं, पण पाजणं थांबल्यावर ते बहुतांश भरून येतं. तेव्हा "बाळ आईची हाडं खातं" या भीतीने पाजणं कमी करू नका.

ड जीवनसत्त्वाबद्दल ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त गर्भवतींवर चाचणी झाली, रोज १,००० एकक विरुद्ध बिनऔषधी गोळी. २०१६ मध्ये निकाल आला. एकूण बाळांमध्ये जन्मवेळच्या हाडांत फरक दिसला नाही, हिवाळ्यात जन्मलेल्यांत मात्र दिसला, म्हणजे जेव्हा ऊन सर्वांत कमी. बाळ झाल्यावर लक्षात ठेवायची गोष्ट अशी की आईच्या दुधात सगळं असतं पण ड जीवनसत्त्व फार कमी. म्हणून अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने २००८ पासून अंगावर पिणाऱ्या बाळांना पहिल्या काही दिवसांपासून रोज ४०० एकक थेंब सुचवलेत. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

अवांतर : याच विषयातली एक गोष्ट मला फार आवडते. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली बसवलं आणि त्यांची हाडं सुधारली. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉडलिव्हर तेलाने मुडदूस टळतो हे दाखवत होते. एकाने उजेडाने बरं केलं, दुसऱ्याने तेलाने, आणि दोन्हींच्या मागे एकच जीवनसत्त्व होतं.

काजवा

या धाग्यामुळे घाबरून मी मुलाची डेक्सा करून आणली. टी-स्कोअर उणे १.८ छापलाय. म्हणजे याची हाडं आत्ताच कमजोर?

चौकट

दादा, शांत व्हा. टी-स्कोअर म्हणजे तरुण प्रौढाच्या भरलेल्या हाडांशी तुलना. तेरा वर्षांच्या मुलाची हाडं अजून भरायची आहेत, तो आकडा उणे येणारच. मुलांसाठी झेड-स्कोअर बघतात, म्हणजे त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांशी तुलना. उंचीचाही विचार करावा लागतो. शिवाय मुलांमध्ये नुसत्या आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) ठरवत नाहीत, हाडं वारंवार मोडल्याचा इतिहास लागतो. अहवाल बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि झेड-स्कोअर विचारा. निरोगी मुलाची उगाच डेक्सा करायची गरज नसते.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी लिहितेय, कारण आधी काही करून मग लिहायचं होतं.

सावली, तुझा प्रतिसाद वाचून त्याच रात्री लेकीजवळ बसले. दुधाचं नावही काढलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सगळ्या मैत्रिणींत मीच उंच आणि मोठी दिसते." वर्गात कुणीतरी तिला नाव ठेवलंय. डबा ती मुद्दाम परत आणत होती. मी तिच्या ताटाकडे बघत राहिले होते आणि तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

तिला सस्कॅचेवानच्या मुलांचा आलेख काढून दाखवला. उंचीची रेघ आधी वर जाते, हाडाची मागून, आणि या दोन रेघांच्या मध्ये आत्ता ती कुठे उभी आहे ते पेन्सिलीने दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मी आत्ता रिकामी आहे?" मी म्हटलं, रिकामी नाही, भरते आहेस. दूध अजून नको म्हणते, पण दही खाते, अंडं खाते, सकाळी काहीतरी खाऊन निघते. डबा बहुतेक दिवस रिकामा येतो. दोरीच्या उड्या सुरू केल्यात, त्याही तिने स्वतःहून.

हे सगळं आईसमोर चाललेलं होतं. प्लास्टर निघालंय, मनगट अजून पूर्ण वळत नाही, एका हाताने टॉवेल पिळायचा व्यायाम करते. तिने एकदा विचारलं, "मग माझं काय? माझी ती वर्षं तर गेली." मी तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, गेलेली वर्षं परत येत नाहीत, पण झीज रोखायला चांगली औषधं आहेत, आणि प्रथिनं, ड जीवनसत्त्व, तोल सांभाळायचे व्यायाम यांनी पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका आजही कमी होतो. औषध सुरू झालंय. घरातले सरकणारे पायपुसणे काढून टाकले.

परवा दाराच्या चौकटीवर आम्ही तिघींची उंची लिहिली. आई तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटरने कमी भरली. लेक माझ्या कानापर्यंत आलीय. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं ठरलंय, पुढची नोंद झाली की इथेच लिहिते.